सहा आकडे, बाकी काही नाही

३ मार्च, सोमवार
दुकानातून

दादा,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. ती मी विचारत नाही. बाबा गेले त्याच आठवड्यात तू या दुकानात उभा राहून म्हणालास, "हे ट्रेडल मशीन भंगारात काढ आणि छापखाना विकून मोकळी हो." त्यावर मी म्हणाले, "तुझा आवाज मला पुन्हा ऐकवू नकोस." ते दोन्ही बाजूंनी नीट पाळलं गेलं आहे आणि ते मोडायला मी हे लिहीत नाही. मला काम आहे. काम झालं की तू तुझ्या घरी, मी माझ्या.

दुकानाचा मेल चोरीला गेला.

मागच्या मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, नेहमीसारखा मेल उघडला, तर वरच पत्र: तुमचा मेलबॉक्स भरला आहे, आज खातं बंद होईल, चालू ठेवायचं असेल तर इथे दाबा. मी दाबलं. पान आलं ते हुबेहूब रोजचंच, तोच रंग, तेच चिन्ह. पासवर्ड मागितला, दिला. दुपारी बघते तर मला माझ्याच खात्यात कोणी घेईना. पासवर्ड चुकला म्हणे! ट्रेडलच्या पितळी पट्टीवरचा नंबर आहे तो, तूच ठेवलेला. मशीनसमोर उभं राहून एकेक अक्षर वाचून टाकलं, तरी चुकलाच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका धापा टाकत आल्या. मला काउंटरमागे बघून दारातच थबकल्या.

"अहो, तुम्ही इथे? तुम्ही तर परदेशात दवाखान्यात आहात ना?"

"मी कशाला जाऊ परदेशात? मला कोपऱ्यावरच्या बँकेत जायला वेळ मिळत नाही."

"पण तुमचा मेल आला. पर्स गेली, पासपोर्ट गेला, पाय मोडला. मी पैसेसुद्धा पाठवले हो."

मी खाली बघितलं. त्यांनीही माझ्या पायाकडे बघितलं. हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून रोज कोणी ना कोणी येऊन माझा पाय बघून जातं. चोर बाबांच्या दुकानाच्या नावाने, बाबांच्या वेळच्या गिऱ्हाइकांकडे भीक मागतोय आणि खाली "आपली विश्वासू" लिहून माझं नाव घालतोय.

शेजारचा चष्मेवाला म्हणतो, "ताई, नवीन खातं काढा ना, दोन मिनिटांचं काम." उंटावरचा शहाणा! बोर्डावर हाच पत्ता रंगवलाय, ते सोड, बोर्ड पुन्हा रंगवता येतो. पण खातं काढल्यापासून बारा वर्षांत या छापखान्यातून जी जी पुस्तकं बाहेर पडली त्या प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव आणि हा पत्ता आहे. ती लोकांच्या कपाटांतून परत मागवू? उद्या कोणी पुस्तक उलटून या पत्त्यावर लिहील आणि त्याला उत्तर चोर देईल.

आणि फसले म्हणून हसू नकोस. चष्मेवाल्याचा मेलबॉक्स बघ: लॉटरी लागली, टकलावर केस उगवा, राजकुमाराची इस्टेट घ्या. माझ्याकडे कधी कचऱ्याचं एक पत्र आलं नाही. गिऱ्हाइकांची कामं आणि कागदवाल्याचे दर, बस. माझा मेलबॉक्स मी स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा चकचकीत ठेवते. म्हणूनच त्या पत्रावर विश्वास बसला. उकिरड्याशेजारी राहणाऱ्याला वास ओळखता येतो, मला कुठून येणार?

आता मुद्दा. "पासवर्ड विसरलात?" वर दाबलं की पान सांगतं, शेवटी ४७ असलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे. तो नंबर तुझा. खातं उघडून दिलंस तेव्हा नंबर स्वतःचा घातलास आणि निघून गेलास. दुकान बाबांचं, राबायचं मी, आणि किल्ली तुझ्या खिशात! चोराने पासवर्ड बदलला, पण नंबर त्याला बदलता आलेला नाही, कारण तिथेही कोड तुझ्याकडेच जातो. तेवढी एकच फट उरली आहे.

तुझ्या फोनवर सहा आकड्यांचा कोड येईल, नव्हे, आले असतील. ते ताबडतोब माझ्याकडे पाठव. फोन करू नकोस.

ताई


१४ मार्च, शुक्रवार
दुकानातून

दादा,

तुझं पाकीट आज आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कॉम्प्युटरच्या कंपनीत अख्खी नोकरी केलेला माणूस तू. कोड दहा मिनिटांत मरतो हे मला त्या पानावर बारीक अक्षरांत सापडलं, तुला माहीत नसेल? आणि तू तो पोस्टाने पाठवलास! एक नव्हे, पाच. कोऱ्या कागदावर एकाखाली एक, तारीख आणि वेळ घालून, प्रूफ तपासल्यासारखे. खाली लिहितोस, "यातला कुठला लागतो ते बघ." पाचही मेलेले, दादा. मशीनवाले काका कागदाकडे बघून म्हणाले, "ताई, हे वरातीमागून घोडं झालं." आणि अक्षर कसलं ते! एका ओळीत चार शब्द. पत्र लिहिलंस की पोस्टर काढलंस?

वर कारणं द्यायची. "मेसेज टाकला होता, पोचला नाही. फोन करायला तू मनाई केलीस. म्हणून पोस्टाने पाठवतो." मेसेज पोचणार नाहीच. मी तुझा नंबर ब्लॉक केला आहे आणि तो माझा हक्क आहे. पण म्हणून माणसाने डोकंही ब्लॉक करावं?

एक गोष्ट मात्र बरी केलीस, ती लिहिते, नाहीतर म्हणशील हिला चांगलं दिसतच नाही. तुझ्या यादीतला पहिला कोड मी मागवलेला नाही. तो बुधवारचा आहे आणि मी कोड मागवायला लागले शुक्रवारी. म्हणजे तो चोराने मागवला, आणि तुझा नंबर खात्यातल्या जुन्या पत्रांतून काढला असणार. आणि तू लिहितोस, "एका माणसाचा फोन आला, मेल कंपनीतून बोलतो म्हणाला, तुमच्या बहिणीने कोड विचारायला सांगितलंय. मी दिला नाही. तू माझ्याकडे मध्ये माणूस घालशील हे मला पटलं नाही." बरोबर. मी एक वेळ दुकानाला कुलूप लावीन, पण मध्यस्थ घालणार नाही. तेवढं ओळखलंस.

पण मधेच हे काय लिहिलंस? "पासवर्ड बदललास हेही लक्षात आलं होतं. हरकत नाही." अरे, मी कुठे बदलला? चोराने बदलला, म्हणून तर ही सगळी रड. पत्र नीट वाचत जा.

मेल कंपनीकडेही तक्रार केली. मदतीच्या पानावर जाऊन, शब्दकोश घेऊन, अर्धा दिवस घालवून. चष्मेवाल्याच्या पत्त्यावर त्यांचं उत्तर आलं: सुरक्षेच्या कारणास्तव कृपया आपली तक्रार संबंधित खात्यातूनच पाठवावी. ज्या घराचं कुलूप चोराने बदललंय त्या घरात बसून अर्ज लिहा! मी चष्मेवाल्याच्या कीबोर्डवर इतक्या जोरात मूठ आपटली की त्याच्या काउंटरवरच्या फ्रेमा खाली पडल्या.

दारावर मोठ्या टाइपात पाटी छापून लावली आहे: आमच्या नावाने मेल आल्यास विश्वास ठेवू नये. गिऱ्हाईक ती वाचतं, मान हलवतं आणि विचारतं, "मग फाइल कुठे पाठवू?" काय सांगू?

आणि आज मुख्याध्यापिका पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. शाळेचं काम बाबांच्या पहिल्या वर्षापासून आपल्याकडे आहे, तुला ठाऊक आहे. म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण समितीचं म्हणणं पडलं, ज्यांचा मेल असा कोणाच्याही हाती जातो त्यांच्याकडे मुलांची नावं, निकाल, फोटो कसे पाठवायचे? एक एप्रिलला बैठक आहे. तोवर तुमचं काही सुरळीत झालं तर बघू."

चोरी माझी झाली आणि शिक्षाही मलाच. शाळा गेली तर ट्रेडलला वर्षभर काम नाही. मग तुझंच खरं होईल, भंगारात काढावं लागेल. तेवढं सुख मी तुला देणार नाही.

ताई


१५ मार्च, शनिवार

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि डोकं थंड झाल्यावर कळलं की पत्रांनी हे होणार नाही. कोड दहा मिनिटं जगतो. म्हणजे मी इथे बटण दाबल्यावर दहा मिनिटांच्या आत तुझ्या तोंडून आकडे माझ्या कानात यायला हवेत. यंत्रं बनवणाऱ्यांना भावंडांचा काही अनुभव नसावा.

तेव्हा नीट वाच. शनिवार, २९ मार्च, सकाळी अकरा. दुकानाच्या जुन्या फोनवर लाव, माझ्या मोबाइलवर नको. अकराला पाच मिनिटं असताना मी कोड मागवीन. फोन उचलला की तू सहा आकडे सांगायचे. सहा आकडे, बाकी काही नाही. हॅलो नको, कशी आहेस नको, बाबांचं काही नको. मी टाकीन, झालं की फोन ठेवीन.

मशीनवाल्या काकांना त्या वेळी ट्रेडल चालू ठेवायला सांगितलं आहे. त्या आवाजात तुझा जितका कमी ऐकू येईल तितका बरा.

ताई


२९ मार्च, शनिवार
दुपारी

दादा,

"हॅलो नको" या दोन शब्दांत न कळण्यासारखं काय होतं? फोन उचलला आणि पहिला शब्द काय, तर "हॅलो". तोही बाबांसारखा, "हॅ" लांबवून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मान्य आहे, पहिल्या वेळी आकडे मी चुकीचे टाकले. ट्रेडलच्या खडखडाटात तुझं सात मला आठ वाटलं असेल, किंवा बोट घसरलं असेल. खडखडाट होता असंच धर. दुसऱ्या वेळी तू एकेक आकडा इतका सावकाश सांगितलास, जणू वीस रीम कागद मोजून देतोयस, की तोवर त्याचं आयुष्य संपलं. आणि त्यावर त्या पानाने लिहिलं, फार वेळा प्रयत्न झाला आहे, थोड्या वेळाने पुन्हा पहा. थोडा वेळ म्हणजे किती ते नाही सांगत, मेले.

तेव्हा मी फोन ठेवू शकत होते. तूही ठेवू शकत होतास. "पुन्हा लागेल की नाही कोण जाणे," असं तूच म्हणालास, म्हणून धरून बसले. मी बोलणार नव्हते. पानावरच नजर ठेवून होते.

आणि मग तू विचारलंस, "ट्रेडल आहे का ते? आपलंच?"

मी म्हणाले, "मग कोणाचं असणार?"

तू म्हणालास, "डावीकडचा रोलर घासतोय. आवाज बदललाय. काकांना बघायला सांग, नाहीतर शाई एका बाजूला कमी बसेल."

दादा, गेल्या महिन्याभरात डाव्या बाजूची छपाई फिकी येत होती. काकांनी शाई बदलली, कागद बदलला, माझ्याशी वाद घातला. तू तिकडे बसून, फोनवरून, दोन मिनिटांत सांगितलंस. जे मशीन भंगारात काढायला निघाला होतास त्याचा रोलर तुला कानाने कळतो? मग त्या दिवशी तसं का बोललास? हे मी फोनवर विचारलं नाही, कारण ठरल्यात नव्हतं. इथे विचारते.

आणि दुसरी गोष्ट. मी म्हणाले, "आकडे पटापट वाच की, दिसत नाहीत का?" तर तू अगदी सहज, भाजी संपली म्हणावं तसं म्हणालास, "उजव्याने कमी दिसतं अजून. डोळ्याचा पडदा सुटला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन झालं." मला कोणी कळवलं? वहिनीला माझा पत्ता माहीत नव्हता? एका ओळीचं पत्र! भांडण आवाजाचं होतं, डोळ्याचं नव्हतं. आणि मी तुझ्या अक्षराला पोस्टर म्हणाले. तू त्यावर काही बोलला नाहीस, त्याचा मला जास्त राग आला.

तिसऱ्या कोडला दार उघडलं. मी "झालं" म्हणाले आणि फोन ठेवला. ठरलं होतं तसं. तुझ्या तोंडात आणखी एक वाक्य होतं हे मला कळलं होतं.

आता आत काय काय आहे ते बघते. चोराचा हिशेब आधी.

ताई


३१ मार्च, सोमवार
दुकानातून

दादा,

चोर एकटा नव्हता!

आधी त्याचं सांगते. पासवर्ड बदलला. या वेळी पट्टीवरचा नंबर नाही, लांबलचक आहे आणि कुठेही लिहिलेला नाही. मग सेटिंगमध्ये शिरले, तर चोराने आपली सोय करून ठेवली होती: मला येणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याच्या पत्त्यावर. म्हणजे नुसता पासवर्ड बदलून मी निवांत बसले असते तर तो खिडकीतून वाचत राहिला असता. ते काढलं. त्याने पाठवलेली पत्रं पाहिली, ज्या ज्या माणसाला गेली त्या प्रत्येकाला खरं काय ते लिहिलं, मुख्याध्यापिकांना सगळ्यात आधी. त्या आज आल्या आणि समितीला दाखवायला माझं पत्र आपल्याच दुकानात छापून घेऊन गेल्या. "उद्याची काळजी करू नका, हे मी वाचून दाखवते," म्हणाल्या. या वेळी बसल्या, चहा घेतला. बँकेने त्यांचे पैसे अडवून धरले होते, ते परत मिळतायत.

मग मी ते पान उघडलं, खात्यात कोण कोण कुठून शिरलं ते दाखवणारं. एक दुकानाचा कॉम्प्युटर. एक कुठल्या तरी अनोळखी गावचा, तो चोर. आणि तिसरा तुझ्या शहरातला. सकाळी, मी दुकान उघडायच्या आधी. रोज. मागे मागे जात राहिले, संपेचना.

कुंपणच शेत खात होतं! माझ्या पत्रव्यवहारात माझा सख्खा भाऊ रोज सकाळी नाक खुपसतोय आणि मला पत्ता नाही! आत्ता कळलं, "पासवर्ड बदललास हे लक्षात आलं होतं" म्हणजे काय. तुला वाटलं मीच तुला बाहेर काढलं. आणि त्यावर "हरकत नाही"! तुझी हरकत विचारली कोणी? मी कागद घेतला आणि तुला जे लिहायला बसले ते पत्र वेगळं होतं. ते फाडलं.

कारण ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी सापडली. मी त्यात कधी एक पत्ता घातला नाही, मला ती यादी असते हेच माहीत नव्हतं. लॉटरीवाले, केसवाले, राजकुमार, बँकेच्या नावाचे भामटे, शेकड्यांनी. सरकवत गेले तरी तळ लागेना. आणि शनिवारपासून माझ्या मेलबॉक्समध्ये कचरा येतोय, दादा, नुसता ढीग. आज सकाळी गिऱ्हाइकाची फाइल शोधायला त्या ढिगात हात घालावा लागला. चष्मेवाला खूश आहे. म्हणतो, "या, आमच्यात या."

म्हणजे माझा ओटा तू पुसत होतास. माझ्या आधी येऊन, झाडून, काही न बोलता निघून जात होतास. आणि मी सगळ्यांना टेचात सांगत होते की मी कशी टापटिपीची.

चोराने पासवर्ड बदलल्यावर तू त्या पानावर नसणारच, पण तू त्याच्या आधीच थांबलायस. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. सोमवारपासून तू नाहीस. मंगळवारी तुझ्या डोळ्यावर पट्टी होती आणि मंगळवारीच ते पत्र माझ्यापर्यंत पोचलं.

आता तू म्हणशील, हिला पाझर फुटला. अजिबात नाही. मला न विचारता केलंस, हे चुकीचंच केलंस. सरळ पत्र लिहून विचारता आलं असतं. मी नाही म्हणाले असते, ते वेगळं. ऑपरेशनचं कळवलं नाहीस, हेही चुकीचंच. आणि रोलर कानाने कळणाऱ्या माणसाने ट्रेडलला भंगार म्हणणं, ते तर मी जन्मात विसरणार नाही. काकांनी काल रोलर बदलला. डावी बाजू काळीशार उमटते आहे. सोबत एक छापील पान पाठवते, जवळ धरून बघ. डावा डोळा लाव.

तर मी काय केलं ते ऐक. "सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा" असं एक बटण असतं. ते दाबलं. चोर बाहेर गेला, तूही बाहेर गेलास. नवा पासवर्ड तुला सांगणार नाही. कोणालाच सांगायचा नसतो, मदतीच्या पानावर ठळक लिहिलंय, आणि आता मी ते पान तुझ्यापेक्षा जास्त वाचलंय.

मग त्या पानाने विचारलं, शेवटी ४७ असलेला नंबर अजून आपलाच आहे का? बदलायचा असल्यास इथे दाबा. चष्मेवाला मागे उभा होता. म्हणाला, "ताई, आता तरी स्वतःचा घाला." मी म्हणाले, "तुम्ही तुमचं टक्कल सांभाळा." आणि "आपलाच आहे" वर दाबलं.

यापुढे मी दर वेळी आत जाताना पासवर्डासोबत कोडही लागेल, असं लावून ठेवलं आहे. कोड तुझ्याकडे येणार. म्हणजे दुकान उघडल्यावर रोज तुला फोन करणं मला भाग आहे. माझा नाइलाज आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. तुझा नंबर अनब्लॉक केला आहे, तोही त्याचसाठी.

पत्र पोचलं की दुसऱ्या दिवसापासून सकाळी फोन जवळ ठेव. आकडे सावकाश सांग, घाई नाही, चुकले तर पुन्हा मागवू. आणि आकडे सांगून झाले की लगेच ठेवू नकोस. शनिवारी तुझं एक वाक्य राहिलं होतं.

ताई